चौथ्याने खरंच कागद बदलला का? ('स्कार्लेट हार्ट' बघणाऱ्यांसाठी आणि इतिहास माहीत असणाऱ्यांसाठी प्रश्न)

सड्यावरची

नमस्कार मंडळी. मी देवगड तालुक्यातली, विजयदुर्गाच्या अलीकडे आमचं गाव. एरवी मी इथे आंब्याच्या फवारण्या आणि कोकमाच्या धाग्यांवरच लिहिते. आज विचारायचंय ते वेगळं आहे आणि जरा लांबणार आहे, तेवढं वाचून घ्या.

मार्चपासून मी आणि आई 'स्कार्लेट हार्ट' ही चिनी मालिका बघतोय. मूळ नाव 'बू बू जिंग शिन', २०११ सालची, ३५ भागांची. भाचीने सुचवली. आमच्या घरात रेंज नाही, खळ्याच्या गडग्यावर फोन ठेवला तर येते. म्हणून दुपारी तिथे ठेवून भाग उतरवून घेते आणि रात्री जेवणं आटपली की पडवीत बसून बघतो. आई ८१ वर्षांची. सबटायटल इंग्रजीत, ती मी वाचायची आणि आईला आपल्या भाषेत सांगायची. पाऊण तासाचा भाग आम्हाला दीड तास पुरतो. पेट्या भरायचे दिवस होते तेव्हा पाय दुखून यायचे, तरी एक रात्र चुकवली नाही.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आजच्या काळातली एक मुलगी अपघातानंतर डोळे उघडते ती थेट अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या पेकिंगमध्ये, रुओशी नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीच्या अंगात. बादशहा कांगशी म्हातारा होत चाललाय, त्याला डझनावारी मुलगे, आणि त्यातल्या नऊ जणांचा डोळा गादीवर. युवराज नेमलेला आहे, पण बापाने त्याला १७०८ मध्ये उतरवलं, पुन्हा बसवलं आणि १७१२ मध्ये कायमचं उतरवलं. रुओशीला पुढे काय होणार ते शाळेतल्या इतिहासामुळे ठाऊक आहे: गादी चौथ्याला मिळणार. पण तिचा जीव आधी जडतो आठव्यावर. ती त्याला सांगते, गादीचा नाद सोड. त्याच्याने ते होत नाही. मग ती त्याला जपायला म्हणून सांगून बसते, की चौथ्यापासून सांभाळून राहा. तिच्या त्या एका वाक्यावरून पुढे एवढं रामायण घडतं, की तिला स्वतःलाच ते सहन होत नाही.

चिनी नावं आईच्या जिभेवर बसत नाहीत. ती सगळ्यांना आकड्यांनीच ओळखते. दुसऱ्याच रात्री म्हणाली, "ह्यो चवथो काय बोलणा नाय, पण सगळा बघता." मी अवाक झाले, कारण तोवर त्याला दोनच प्रसंग होते.

एक प्रसंग सांगते. तेराव्याला बापाने कैदेत टाकलंय. त्याच्यासाठी रुओशी दगडी अंगणात गुडघ्यावर बसून राहते आणि वरून पाऊस कोसळतोय. चौथा येतो आणि तिच्या शेजारी भिजत उभा राहतो. छत्री धरत नाही, ऊठ म्हणत नाही. नुसता उभा. आम्ही पावसातली माणसं. आगोटीच्या आधी कौलं चाळायची राहिली तर काय होतं ते मला माहीत आहे, पाऊस बघून माझ्या डोळ्यांत पाणी येत नाही. त्या रात्री आलं.

आणि तो केसात खोवायचा पांढरा काटा, चौथ्याने तिला दिलेला. वर फूल कोरलेलं आहे. सबटायटलात मॅग्नोलिया असं आलं. मी शोधलं, तर आपला सोनचाफा त्याच कुळातला निघाला. आईला सांगितलं तर दुसऱ्या दिवशी विहिरीकडचं फूल काढून तिने फोनशेजारी वाटीत ठेवलं.

आता प्रश्न. कांगशी मरतो, चौथा गादीवर बसतो. आणि शोधताना मी वाचलं, की चीनमध्ये आजही लोक म्हणतात की बापाने गादी चौदाव्याला लिहून ठेवली होती आणि चौथ्याने कागदात अक्षर बदललं. मालिका मला तरी याचं सरळ उत्तर देत नाही. खरं काय आहे? कोणी सांगेल का?

एवढं मनावर का घेतेय तेही सांगते. माझे दोन भाऊ आहेत. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. मृत्युपत्र दोन पानी. सड्यावरची साठ कलमं दादाच्या नावावर, खालचं माडांचं आगर धाकट्याच्या. मी हक्कसोड करून दिलं, मला काही नको होतं. पण बाबा सगळ्यांसमोर कायम म्हणायचे, सड्यावरची कलमं निम्मी-निम्मी. धाकट्याचं म्हणणं, दुसरं पान बदललंय. दादाचं म्हणणं, बाबांनी शेवटी विचार बदलला. सहा वर्षं दोघे बोलत नाहीत. गणपतीला एक जण येतो तेव्हा दुसरा येत नाही. दोन वर्षांपूर्वी धाकट्याचं रजिस्टर आलं. दादा म्हणाला नोटीस असणार, फोडू नकोस. ते फडताळात तसंच आहे.

कांगशी गेला त्या रात्री आई एवढंच बोलली, "बापूस जिवंत आसा तवसर गप ऱ्हवतत." आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

शेवटचे तीन भाग राहिलेत. शेवट सांगू नका प्लीज. फक्त त्या कागदाचं सांगा.

आठव्याची_बाजू

ताई, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा! मी रत्नागिरीत शिकते, आमच्या हॉस्टेलवर या मालिकेवरून दोन तट आहेत आणि मी उघड आठव्याच्या बाजूची आहे. शेवट नाही सांगत. पण चौथ्याच्या मायेत पडलेल्यांना एक सांगायचंय. गादीवर आल्यावर त्याने आठव्या आणि नवव्या भावाला घराण्यातून काढलं, त्यांची नावं बदलून अपमानाची मांचू नावं घ्यायला लावली, आणि दोघेही १७२६ मध्ये कैदेत मेले. हा इतिहास आहे, मालिकेतला प्रसंग नाही. आठवा लोकांना आवडायचा, दरबारी त्याला युवराज करा म्हणाले होते, हाच त्याचा गुन्हा झाला. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

चौदाव्याबद्दल: बाप मेला तेव्हा तो वायव्येला सैन्य घेऊन गेला होता, सेनापती म्हणून. इतक्या मोठ्या मोहिमेवर बापाने त्याला पाठवलं म्हणजे त्याच्या मनात तोच असणार, असं मला वाटतं. आणि चौथा आणि चौदावा सख्खे भाऊ होते बरं, एका आईचे. बाकीचे सावत्र.

मोडीवाला

सड्यावरची ताई, मी ३४ वर्षं दस्तलेखक होतो. खरेदीखतं, बक्षीसपत्रं, मृत्युपत्रं, सगळं लिहिलं. मोडी वाचतो. मालिका बघितलेली नाही, पण या 'कागद बदलला' प्रकरणावर बरंच वाचलंय, कारण विषयच आमच्या धंद्याचा. तेव्हा कागदापुरतं बोलतो.

आपल्याकडे 'ध चा मा' आहे ना, तीच ही गोष्ट. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांना गारद्यांनी मारलं, आणि लोक म्हणाले, राघोबादादांच्या पत्रात 'धरावे' होतं, आनंदीबाईंनी त्याचं 'मारावे' केलं. चिनी गोष्ट तिच्या पन्नास वर्षं आधीची. चिनीत चौदा म्हणजे 'दहा-चार' असं लिहितात. दहाचं अक्षर आपल्या अधिकच्या चिन्हासारखं, एक आडवी रेघ, एक उभी. तिच्यावर आणखी एक आडवी रेघ दिली आणि उभीला खाली आकडी काढली, की त्याचा अर्थ होतो 'ला'. म्हणजे 'गादी दहा-चार पुत्र' याचं 'गादी ला चार पुत्र', अर्थात चौथ्या पुत्राला. दोन रेघांत राज्य फिरलं, असं लोक सांगतात.

ऐकायला छान आहे. पण ज्याने दस्त लिहिलेत त्याला ते पटणार नाही. एक तर सरकारी कागदात नुसतं 'चौदावा पुत्र' लिहीत नसत. 'बादशाही चौदावा पुत्र' असं लिहीत. मधलं अक्षर बदललं तर वाक्य होतं 'बादशाही-ला-चौथा पुत्र'. याला काही अर्थच राहत नाही. दुसरं, तो 'ला' त्या काळी अशा कागदात सोप्या रूपात लिहीत नसत, त्याचं भरपूर रेघांचं मोठं रूप होतं. दहाच्या दोन रेघांतून ते काढता येत नाही. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. राजघराणं मांचू. असे कागद चिनी आणि मांचू दोन्ही लिपींत निघत. मांचूत हा रेघांचा खेळ चालतच नाही. एका लिपीत खाडाखोड केली तर दुसरी लिपी ओरडून सांगेल.

आता दुसरी बाजूही सांगतो. कांगशीचं मृत्युपत्र म्हणून जो कागद आज आहे, त्यात 'चौथा माझ्यासारखाच आहे, तो गादी सांभाळील' असं स्पष्ट आहे. पण तो कागद जाहीर झाला कांगशी गेल्यानंतर, म्हणजे नव्या बादशहाच्या अमलात. अंथरुणाशी काय बोलणं झालं ते लोकांना सांगितलं लोंगकोडो या सरदाराने, आणि पेकिंगच्या वेशींचा बंदोबस्त त्याच्याच हातात. म्हणून चौथ्याने गादी लाटली की नाही यावर इतिहासकारांचे दोन पक्ष अजून आहेत. अक्षर बदललं नाही हे मात्र मी छातीठोक सांगेन.

चौथा, म्हणजे योंगझेंग बादशहा, या बोलण्याने आयुष्यभर पोळला. बापाला मारलं, भावांना मारलं, असे आपल्यावरचे आरोप एक-एक करून लिहून त्यांना उत्तर देणारं पुस्तक त्याने स्वतः काढलं आणि राज्यभर वाचायला लावलं. ज्यांनी आरोप ऐकला नव्हता त्यांनाही तो कळला. तो गेल्यावर त्याच्या मुलाने पहिल्यांदा ते पुस्तक बंद करवलं.

पण एक काम त्याने असं केलं की दस्तलेखक म्हणून मी त्याला मानतो. १७२३ मध्ये, गादीवर येऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा त्याने वारसाचं नाव लिहिलं, पेटीत बंद केलं आणि दरबारच्या महालात सिंहासनाच्या वर जी मोठी पाटी आहे तिच्यामागे ठेवून दिलं. शिवाय दुसरी प्रत स्वतःजवळ ठेवली. तो १७३५ मध्ये गेला तेव्हा दोन्ही प्रती ताडून बघितल्या आणि मुलगा गादीवर बसला. कोणी 'ध चा मा' म्हणालं नाही.

ताई, हे मी तुमच्यासाठी लिहितोय. तुमच्या बाबांचं मृत्युपत्र नोंदणीकृत आहे का? शेवटच्या पानामागे दुय्यम निबंधकाचा शिक्का आणि दस्त क्रमांक असेल. असेल तर त्याची प्रत कार्यालयात आहे, दोन्ही पानांची. मृत्युपत्र करणारा हयात असेपर्यंत दुसऱ्या कोणाला नक्कल मिळत नाही. तो गेल्यावर अर्ज करणाऱ्या कोणालाही प्रमाणित नक्कल मिळते. मृत्यूचा दाखला जोडायचा, फी फार नसते. ती नक्कल घ्या आणि घरातल्या कागदाशेजारी ठेवा. घरातला कागद कोणी बदलेल, पण कार्यालयातला कोण बदलणार?

सड्यावरची

मोडीवाला काका, तुमचं उत्तर आईला दोनदा वाचून दाखवलं. पाटीमागच्या पेटीचं तर तिने तिसऱ्यांदा सांगायला लावलं. मृत्युपत्राची झेरॉक्स माझ्याकडे आहे, मागे शिक्का आहे, क्रमांकही आहे. सहा वर्षं तो माझ्या डोळ्यांसमोर होता आणि त्याचा अर्थ काय ते मला कोणी सांगितलं नव्हतं. तुमचे उपकार आहेत.

आठव्याची बाजू, तू लिहिलंस की चौथा आणि चौदावा सख्खे. हे आईला सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प होती. त्यांच्या आईचं काय झालं गं पुढे?

आठव्याची_बाजू

ताई, थोरला गादीवर आल्यावर काही महिन्यांतच ती गेली, १७२३ मध्ये. तोवर धाकट्याला बापाच्या थडग्याची राखण करायला राजधानीपासून लांब पाठवलं होतं.

अष्टागर

मी अलिबागचा. कान्होजी आंग्ऱ्यांची समाधी माझ्या कामाच्या वाटेवर आहे, रोज समोरून जातो. तुमचा धागा वाचताना मला वाटलं, यासाठी चीनला कशाला जायला हवं, आपल्याच किनाऱ्यावर त्याच वर्षांत हेच चालू होतं. तुमच्या दारातलाच विजयदुर्ग.

कान्होजी १७२९ मध्ये गेले. थोरले सेखोजी सरखेल झाले, तेही १७३३ मध्ये गेले. मग संभाजी आणि मानाजी यांच्यात जुंपली. बाजीरावाने मध्ये पडून वाटण्या केल्या: कुलाबा मानाजीकडे, सुवर्णदुर्ग-विजयदुर्ग संभाजीकडे. साल १७३५, चौथा बादशहा मेला तेच. एक आरमार होतं त्याची दोन झाली. संभाजीनंतर तुळाजी आला, त्याचं पेशव्यांशी बिनसलं, आणि १७५६ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांना सोबत घेऊन विजयदुर्ग पाडाव केला. आंग्ऱ्यांची गलबतं किल्ल्याखाली बंदरातच जळाली. तुळाजी उरलेलं आयुष्य कैदेत होता. कान्होजींच्या हयातीत इंग्रजांना जो किल्ला घेता आला नाही तो घरच्या भांडणाने गेला, असं आमच्याकडची म्हातारी माणसं अजून हळहळून सांगतात.

आणि तेराव्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मालिका मी बायकोमुळे बघितली, तेरावा मला सर्वांत आवडला. त्या सगळ्या भावांच्या नावात पहिलं अक्षर एकच होतं, 'यिन'. चौथा बादशहा झाल्यावर ते अक्षर फक्त त्याचं राहिलं, बाकी भावांना ते बदलून 'युन' करावं लागलं. १७३० मध्ये तेरावा वारला तेव्हा बादशहाने त्याचं 'यिन' त्याला परत दिलं. एवढ्या भावांत एकट्यालाच.

सड्यावरची

शनिवारी रात्री शेवटचा भाग झाला. ज्यांनी बघितलेला नाही त्यांनी इथून पुढे वाचू नका.

रुओशी राजवाडा सोडून चौदाव्याकडे गेलेली असते, आजारी असते. ती चौथ्याला पत्र लिहिते, एकदा येऊन भेट म्हणून. तिचं अक्षर चौथ्याच्या अक्षराचा कित्ता गिरवून झालेलं, हुबेहूब त्याच्यासारखं. ते पाकिटावर कोणी बघू नये म्हणून चौदावा पत्र दुसऱ्या पाकिटात घालतो आणि वर स्वतःच्या हाताने लिहितो. पाकीट पोचतं. चौथा वरचं अक्षर बघतो, धाकट्याचं, आणि फोडतच नाही. बाजूला ठेवून देतो. ती वाट बघत बघत मरते. मग कळल्यावर तो ते पाकीट फोडतो.

मी वाचून सांगत होते, पण तिथे मला सांगताच येईना. आईला सांगायची गरजही नव्हती, तिला चित्रावरून कळलं होतं. म्हणाली, "पाकीट तरी फोडूक व्हया होता." पुढचा भाग संपेपर्यंत एक शब्द नाही. मुलगी आजच्या काळात परत येते, संग्रहालयात जुनं चित्र बघते, तसाच दिसणारा एक माणूस समोरून निघून जातो, हे सगळं मीच एकटी बघत होते.

फोन बंद केला तेव्हा आई म्हणाली, "धाकल्याची चिठी खंय ठेवलंस?"

रात्रीचे साडेअकरा. फडताळातून काढली. पाकिटाला बुरशीचे ठिपके आले होते, दोन पावसाळे गेले ना. आईने फोडायला माझ्याच हातात दिली. आत नोटीस नव्हती. वहीचं एक पान, त्याच्या हातचं. लिहिलं होतं की मला कलमं नकोत, मुंबईहून येऊन मी कधी ती राखणार? मला फक्त बाबांची दुसऱ्या पानावरची सही बघायची आहे. बाबांनी खरंच विचार बदलला असेल तर त्यांनी मला का सांगितलं नाही, एवढंच मला कळत नाही. खाली आईच्या गुडघ्याची चौकशी, आणि तेलाची एक बाटली कोणाकडून तरी पाठवलीय ती मिळाली का असं विचारलं होतं. बाटली मिळाली होती. आम्हाला वाटलं होतं ती भाचीने पाठवली.

आईने पान घडी करून उशीखाली ठेवलं.

सोमवारी मी दादाला सांगून, त्याच्यापासून काही लपवून नव्हे, दुय्यम निबंधकांकडे गेले. आधी तो चिडला. मी म्हटलं, तुझं खरं असेल तर तुलाच बरं. मग बोलला नाही, पण बाबांच्या मृत्यूचा दाखला त्याच्याकडे होता तो त्याने काढून दिला. अर्ज दिलाय. तिथले म्हणाले, जुना दस्त आहे, शोधायला वेळ लागेल, पुढच्या मंगळवारी या. दोन नकला मागितल्यात, एकेक दोघांना.

धाकट्याला आज सकाळी गडग्यावर उभी राहून फोन केला. चिठ्ठी वाचली म्हणून सांगितलं. तो काही बोलला नाही, मीही नाही. शेवटी त्याने विचारलं, यंदा कलमं कशी होती. मी म्हटलं, मोहोर दोनदा आला, पहिला तुडतुड्याने खाल्ला, दुसऱ्यावर भागलं.

मंगळवारी काय होतं ते कळवेन.